कडू पाणी

सकाळी सव्वासहाला आई स्वयंपाकघरात कोसळली. सातला ती अतिदक्षता विभागात होती. नाडी मिनिटाला पस्तीस.

मुलगी फार्मासिस्ट. आईच्या हृदयाच्या गोळ्या वर्षानुवर्षं तिच्याच दुकानातून यायच्या. दोन महिन्यांपूर्वी आईने त्या बंद केल्या. गुरूंनी मंतरलेलं पाणी दिलं होतं. रोज सकाळी पेलाभर.

"गोळ्यांनी माणसं बरी होत असती ना, तर तुझं दुकान कधीच बंद पडलं असतं," आई म्हणाली होती.

"आणि पाण्याने होत असती, तर मासे अमर झाले असते."

आठवडाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. वडील निवृत्त शिंपी. कात्री सुटली, तरी घरातली उसवण त्यांच्याच वाट्याला होती.

मग मुलीने वाद सोडला. पहाटे उठून ती त्या पेल्यात एक गोळी कुटून टाकू लागली. आई डोळे मिटून प्यायची.

"कडू लागतंय गं हल्ली."

"देवाचं आहे ना? मग तक्रार कसली?"

गेल्या पंधरवड्यात आईची भूक मेली. उलट्या सुरू झाल्या. दिव्याभोवती पिवळं वलय दिसतंय म्हणाली आणि तिने हात जोडले. हे औषध जास्त झालं की असंच होतं, हे मुलीला पाठ होतं. पण गोळी तिच्या हातची होती. एकच, मोजून. दुखणंच वाढलं असणार, असं तिने धरलं. सोमवारी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं.

डॉक्टर बाहेर आले.

"रिपोर्ट यायला वेळ आहे. औषध जास्त गेलं असेल, तर उतारा आत्ताच द्यायला हवा. नसेल, तर तोच अंगाशी येईल. नीट आठवून सांगा."

"शक्य नाही. ती गोळ्या घेतच नाही. मी देते, तिच्या नकळत. रोज एक."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग कारण दुसरं शोधू." ते आत गेले. दार बंद झालं.

वडील आईचे कपडे घेऊन जिना चढून आले. त्यांना पाहताच मुलीचा बांध फुटला.

"बाबा, मी भांडायला नको होतं तिच्याशी."

"वेडी आहेस." ते शेजारी टेकले. "तुझ्या भांडणानेच ती वळली. महिना झाला, रोज जेवण झालं की गोळी घेते. मीच आणून देतो, दुसऱ्या दुकानातून. म्हणाली, पोरीच्या जिवाला घोर नको, पण तिला कळू देऊ नका, डोक्यावर बसेल. काल गोळी उलटीत पडली, तर लगेच दुसरी घेतली."