बाबांची फाइल

अक्षत दर रविवारी कॉम्प्युटरवर घरातल्या फोटोंच्या तीन-तीन प्रती काढत बसायचा. उघडून मात्र एकही बघायचा नाही. त्याच्या बायकोला, रुचिराला, याचाच वैताग. आज पहिल्यांदाच त्यानं प्रत्येक फाइलचा, ती पहिल्यांदा साठवताना नोंदलेल्या मूळ आकड्याशी ताळा घेतला, तर एकीचा जुळेना. बडा बाजारात काढलेला त्याच्या बाबांचा शेवटचा फोटो. वरची दुकानाची पाटी शाबूत, खाली बाबांच्या जागी करडा रंग. फाइल डिस्कवर कधीतरी गुपचूप बिघडली होती आणि तिन्ही प्रती बिघडल्यानंतरच्याच निघाल्या. रुचिरानं घरच्या ग्रुपवर विचारलं. ग्वाल्हेरच्या नणंदेनं फोटो पाठवला: "वहिनी, मेरे पास है." अक्षतनं आधी ताळाच घेतला. "जुळत नाही. पाठवताना लहान झालाय. ही ती फाइल नाही." "फाइल ती नसेल," रुचिरा त्रासून म्हणाली, "बाबा तेच आहेत ना?" त्यानं फोटो उघडला आणि दोन बोटांनी बाबांचा चेहरा धूसर होईपर्यंत मोठा केला.