पाचवा

"म्हातारा वहाणा सांभाळत होता म्हणजे मदतच करत होता," वकील म्हणाले आणि वडगावच्या कोठडीच्या गजांतून हात आत घालून त्यांनी पाच बोटं दाखवली. मग अंगठा मिटला. "चौघं असतात तर साधी जबरी चोरी. वर्ष-दोन वर्षं खडी फोडून घरी आला असतात. पाचवा आला की दरोडा. दरोड्याला काळं पाणी."

हौशीराम आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याची एवढी किंमत असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दरोड्याचा ऐवज म्हणजे तुपाचा एक डबा. कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरणाऱ्या एका वाण्याला हौशीरामने आणि त्याच्या तीन भावांनी भर दुपारी अडवलं. कोयता दाखवला. वाणी तिथे फारसा घाबरला नव्हता. कोयत्याला धार लावून घ्या, असंही म्हणाला होता. जबानीत मात्र तो चांगलाच घाबरला. पळायला बरं म्हणून भावांनी वहाणा आधीच काढून ठेवल्या होत्या. पळाले झकास. मग वहाणा घ्यायला परत आले आणि सापडले.

"पण म्हाताऱ्याला कशाला नेलंत?" वकिलांनी विचारलं.

"मग काय चौघं जाणार?" हौशीराम म्हणाला. "चौघं तिरडीला जात्यात, साहेब. आमच्या भावकीत कंच्याच कामाला चौघं निघत न्हाईत. जिवावर बेततं."

"जिवावर बेतू नये म्हणून पाचवा नेलात."

"व्हय."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पाचवा, म्हणजे भिमाजी आबा, कोपऱ्यात खोकत बसला होता. सत्तरीचा, एका पायाने अधू. त्या दिवशी गावात रिकामा माणूस तेवढाच होता. त्याला जांभळीखाली बसवून भावांनी वहाणा त्याच्या मांडीवर ठेवल्या होत्या. त्याला ना बायको ना पोर. लग्नकार्यात पंगती उठल्यावर कुणाला तरी त्याची आठवण व्हायची, तीही भात उरला असेल तर.

वकिलांनी तोड काढली. मॅजिस्ट्रेटसाहेबासमोर आबाने एवढंच सांगायचं: दम लागला म्हणून सावलीला बसलो होतो, ही माणसं कोण ते मला ठाऊक नाही. पाचातला एक गेला की दरोडा गेला. भावांनी आबाकडून ते घोकून घेतलं. कोठडीत दुसरा उद्योग नव्हताच.

साहेबासमोर आबा काठीवर भार देऊन उभा राहिला.

"तू तिथे कशाला बसला होतास?" साहेबांनी विचारलं.

आबाने चौघांकडे पाहिलं. चौघांचेही ओठ हलत होते.

"दम लागला म्हणून..." आबा म्हणाला आणि थांबला. "न्हाई साहेब. मी ह्यांच्यातलाच. ह्यो हौशीराम घरी आला मला बोलवाया. आबा, तुमच्याबिगर जमायचं न्हाई, म्हनला. जन्मात कुनी म्हनलं नव्हतं असं."

कारकुनाचा टाक कुरकुरत राहिला.

"पाचवा मी," आबा म्हणाला. "त्ये बी लिवा."

कोठडीत परतल्यावर धाकटा दत्तोबा म्हणाला, "आबा, काळं पाणी लागलं की वो आमाला!"

"आन मला न्हाई व्हय?" आबा जरा रागानेच म्हणाला, आणि भिंतीला टेकून गाढ झोपला.

पुढे त्याचा खोकला वाढला. एका सकाळी तो उठलाच नाही.

हौशीरामने रडायच्या आधी मोजलं. वकील आल्या आल्या त्याने गजांतून चार बोटं बाहेर काढली. "साहेब, आता आमी चौघंच!"

"गुन्हा झाला तेव्हा किती होतात, ते धरतात," वकील म्हणाले. "मेला म्हणून माणूस त्यातून वजा होत नाही."

"मग ह्याच्यात सुटला कोन?"

वकिलांनी घोंगडीखालच्या आबाकडे बोट दाखवलं.

पोलिसांच्या भीतीने गावातून आबाला न्यायला कुणी आलं नाही. तेव्हा साहेबांनी चौघा भावांनाच परवानगी दिली. पायांत बेड्या तशाच ठेवून नदीपर्यंत न्यायचं, आटोपलं की परत. तिरडी बांधून झाली. ती उचलायच्या वेळी दत्तोबाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"दादा, आपन चौघंच हाय."

"उचल," हौशीराम म्हणाला. "ह्ये काम चौघांचंच हाय."

तिरडी अगदीच हलकी होती. बेड्या वाजवत चौघे फाटकाशी आले. फाटकावर गफूर हवालदार होता. आत-बाहेर जाणारा प्रत्येक आरोपी मोजायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करायचा.

"किती?" गफूरने विचारलं.

"चार," हौशीराम म्हणाला.

गफूरने चौघांच्या तोंडांवरून नजर फिरवली. मग तिरडीवरचं तोंड पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, फाटक उघडलं आणि मागे वळून कचेरीकडे ओरडला,

"पाच आरोपी बाहेर!"