मोतीभाऊ मांडववाले

"मना हातले कोनी हात लावानं नही," भागाबाई म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

यशोदाबाई पुढे सरकली होती ती तिथंच थबकली. दहाव्याचे विधी आटोपून माणसं नुकतीच नदीवरून परतली होती. पुरुष ओसरीत टेकले होते, बायका मधल्या घरात. भागाबाईचं कुंकू पुसून बांगड्या उतरवायचं काम भावकीतली थोरली विधवा म्हणून यशोदाबाईकडे आलं होतं.

"अगं, आमच्यासुद्धा उतरवल्या. तू काय जगावेगळी आहेस?" यशोदाबाई म्हणाली.

भागाबाईनं मान वर केली नाही, पण हातही बाहेर काढले नाहीत.

ओसरीत अभिमनच्या कानावर हे सगळं येत होतं. त्याचा मुंडण केलेला माथा उन्हानं भाजून निघाला होता. शेजारी बन्सीलाल नाना वडिलांच्या आठवणी सांगत होते. धरणगावात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.

"एरंडोलचं लग्न आठवतं? मंगलाष्टका चालू असताना वावटळ आली. वऱ्हाडी पळाले, भटजी पळाला. मोतीभाऊ मधला खांब कवटाळून उभा! ओरडला, 'अक्षता टाका, मांडव मी धरलाय!' लग्न लागलं तेव्हा खांब सोडला. तळहाताची सालटं निघाली होती."

लोक त्या सुतकातही हसले. मोतीलाल होताच तसा. मांडव, सतरंज्या, भांडी भाड्यानं देण्याचा धंदा. पण लग्नघरी पोचला की घरचाच होऊन जाई. पंगतीत वाढायला उभा राही, रुसलेल्या व्याह्याला हाताला धरून पानावर आणून बसवी. पाचोऱ्यापासून पार बऱ्हाणपूरपर्यंत त्याचे टेम्पो फिरत. एवढं लांब जाई, पण साक्रीच्या अंगाचं काम मात्र घेत नसे. तिकडचा रस्ता टेम्पोला मानवत नाही, म्हणे.

आणि कितीही लांब गेला तरी जेवायला घरी. भागाबाईला टायफॉइड झाला तेव्हा ऐन लग्नसराईत त्यानं धंदा गड्यांवर सोडला आणि जळगावच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिला. मोसंबी सोलून एकेक फोड भरवायचा. अभिमनला ते पाहून तेव्हा लाज वाटली होती. आता त्यानं उपरण्याच्या टोकानं डोळे टिपले.

"तरुणपणी कामाला म्हणून बाहेर गेला तो बायको घेऊनच आला," नाना म्हणाले. "लग्न तिकडंच उरकलं म्हणाला. आम्ही रागावलो, तर अख्ख्या गल्लीला जेवू घातलं. असा नवरा मिळाला, अन् ही बाई त्याच्या नावानं बांगड्या उतरवत नाही?"

हसणं थांबलं. नाना उठले आणि मधल्या घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले.

"वहिनी, रीत ती रीत. तुम्ही ऐकणार नसाल तर बाराव्याला भावकीतलं कोणी तुमच्या पानावर बसणार नाही. पोराच्या मांडवाखाली आमच्यातलं लग्नही लागणार नाही."

"त्यास्नीच सांगेल शे," भागाबाई म्हणाली. "मी गेलो तरी हात रिकामे करायचे नाहीत, म्हणाले."

"मोतीभाऊ मोठ्या मनाचा होता. म्हणून आपण त्याचं नाव बुडवायचं?"

अभिमन आत गेला. आईला त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं. ही बाई परक्या पाहुण्यासमोर यायची नाही. घरचा मांडव गावोगावी जायचा, पण ही कुणाच्या लग्नाला गेली नाही. गर्दी सोसत नाही, म्हणायची. तिच्या माहेरचं कोणी आजवर दारात आलं नव्हतं, दहाव्यालाही नाही. तिचं तिकडं कोणी उरलं नाही, असं आबा सांगायचे. आणि आज तीच बाई भावकीला भिडली होती.

तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

"आई, माझ्यासाठी ऐक. मला ह्याच लोकांत धंदा करायचाय."

"कर ना. तुले कोन ना म्हनस?"

"ते आपल्याला वाळीत टाकतील."

"टाकू दे. तुन्या आबानी वावटळले पाठ नही दाखाडी. मी का यास्ले दाखाडू?"

यशोदाबाईनं कपाळावर हात मारला. "नवऱ्याच्या राखेला अजून ऊब असेल, अन् हिला नटायचं सुचतंय!"

अभिमनचा तोल सुटला. तो ताडकन उठला.

"बरोबर बोलतायत त्या! आबांनी तुला फुलासारखं जपलं. तुला त्यांचं दुःख तरी झालंय का? नवरा गेलाय तुझा, नवरा! त्याच्या नावाची एवढी तरी लाज धर!"

भागाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. डोळे भरून वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. हात पदराबाहेर काढले. बांगड्या किणकिणल्या. उंबऱ्यातल्या नानांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि मग ओसरीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती मुलाला म्हणाली,

"तुना बाप गया, अभिमन. मना नवरा नही गया. ज्यानासंगे मनं लगीन लागनं, तो साक्रीले शे, जित्ता."