गटार स्वच्छ आहे

संध्याकाळी पावणेसात वाजता सौदीतल्या अल खर्जच्या दक्षिणेला, एका डेअरी फार्मच्या कामगार वसाहतीत, विषारी वायू आल्याची आरोळी उठली. आखाती युद्धाचा दुसरा आठवडा होता. क्षेपणास्त्राचा भोंगा आधीच वाजला होता आणि सगळे कामगार मेसच्या हॉलमध्ये, खिडक्यांना प्लास्टिक चिकटवून, नाकाला ओले टॉवेल लावून बसले होते. एसीच्या फटीतून आधी धूर आला, मग वास. कोणीतरी ओरडलं, "गॅस!" दार मोडून सगळे बाहेर पळाले.

काही वेळाने नागरी संरक्षण दलाची गाडी आली. मास्क घातलेल्या जवानांनी हातातलं यंत्र सगळीकडे फिरवलं. त्यात काही निघालं नाही. अधिकाऱ्याने स्वतःचा मास्क काढला, एक श्वास घेतला आणि हात हलवला. वायू नाही.

पटांगणात शंभरावर माणसं एकदम हसायला लागली. काही जण एकमेकांच्या गळ्यात पडले. दूध तपासणारा जगदीश चपला शोधत होता. त्याला दोन्ही डाव्या मिळाल्या, त्याचंही त्याला हसू आलं.

क्रिसांतो हसला नाही. वसाहतीतल्या नऊ फिलिपिनोंमध्ये तो वयाने मोठा, दूध काढायच्या यंत्रांवरचा फोरमन. भोंगा वाजला तेव्हा त्याच्या शेगडीवर तवा होता. तो तसाच राहिला. गोंधळात खोलीत जाऊन त्याने शेगडी बंद केली, तेव्हा उशीर झाला होता.

पळताना राजापूरच्या कादिरलाही काही कळलं नव्हतं. आता भीती ओसरल्यावर तो वास त्याला घरचा वाटला.

"तव्यावर काय होतं रे?" त्याने हळूच विचारलं.

"तुयो. आमची खारवलेली मासळी. बायकोने पाठवली होती."

"आमचा खारा बांगडा जळला की असाच वास सुटतो. गप्प राहा. युद्धात खोटी आवई म्हणजे सरळ तुरुंग, नाहीतर मायदेश."

वसाहतीचा व्यवस्थापक मुस्तफा इजिप्तचा. धूर कुठल्या खिडकीतून येतोय ते त्याने पाहिलं होतं. पण चौकशी त्यालाही नको होती. "गटार तुंबलंय, साहेब," तो अधिकाऱ्याला म्हणाला.

कादिरने क्रिसांतोला कोपराने ढोसलं. "सुटलास. गटाराकडे राहण्याचा परवाना, इकामा, कोण मागतो?"

क्रिसांतोने सुस्कारा सोडला. अधिकाऱ्याने वायरलेसवर कळवलं, गटार. मग नाकाला रुमाल लावत विचारलं, "कुठलं?"

"फिलिपिनोंच्या खोल्यांमागचं."

"मग बरोबर," मागून कोणीतरी हिंदीत म्हणालं. "सद्दामने उगाच खर्च केला. हे नऊ जण पुरे होते."

"अरे, कुत्रं मेलं असेल."

"मेलं कसलं? शिजत असेल!"

हशा पिकला, आधीपेक्षा मोठा. अधिकाऱ्याला हिंदी येत नव्हती, पण सगळे कोणाकडे बघताहेत ते त्याला दिसलं. "यांना स्वच्छ राहायला शिकव," तो मुस्तफाला म्हणाला आणि गाडीकडे वळला.

बाकीचे आठ जण खाली बघत होते. त्यांच्यातला रामिल पुटपुटला, "जाऊ दे, कबायन. गाडी जाऊ दे." आपल्या देशाच्या माणसाला ते कबायन म्हणतात.

क्रिसांतो पुढे झाला. कादिरने त्याची बाही धरली. "खलास झालंय रे सगळं. आता कशाला?"

क्रिसांतोने बाही सोडवून घेतली.

"गटार नाही, सर," तो मोडक्या अरबीत म्हणाला. "जेवण."

तो खोलीत गेला आणि तवा घेऊन आला. काळी पडलेली मासळी तव्याला चिकटली होती. त्याने तो दोन्ही हातांनी अधिकाऱ्यासमोर धरला.

"हे आमच्या देशात खातात. गरिबाच्या घरी खातात, गव्हर्नरच्या घरीही खातात. शेगडी बंद करायला मी विसरलो. चूक माझी, नाव माझं सांगा. गटार स्वच्छ आहे. येऊन बघा."

मुस्तफाने डोळे मिटून घेतले.

अधिकारी तव्याकडे बघत राहिला. मग त्याने एका जवानाकडून टॉर्च मागून घेतली आणि तो खोल्यांच्या मागे गेला. क्रिसांतो तवा घेऊन त्याच्या पुढे. हशा थांबला. भिंतीआडून टॉर्चचा उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश गेला आणि परत आला.

बाहेर आल्यावर अधिकाऱ्याने वायरलेस उचलला. "गटार नव्हे," तो म्हणाला. "मासळी. जळलेली." पलीकडचा माणूस हसल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. अधिकारी हसला नाही. त्याने क्रिसांतोचा इकामा मागून खिशात ठेवला आणि सकाळी ठाण्यावर यायला सांगितलं.

गाडी गेली. क्रिसांतो पायरीवर बसला.

"मूर्ख आहेस," कादिर म्हणाला.

"हो," क्रिसांतो म्हणाला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसला.

सकाळी फार्मची पिकअप ठाण्याकडे निघाली. दूध काढायच्या यंत्रांवर, कोणी न सांगता, कादिर आणि काही बांगलादेशी उभे राहिले. दुपारपर्यंत पिकअप परतली नाही, तेव्हा मुस्तफाने ठाण्यावर फोन लावला. पलीकडच्या शिपायाने सांगितलं की साहेब अजून यायचे आहेत, इकामा त्यांच्याकडेच आहे, सगळ्यांना चहा दिलाय. मग त्यानेच विचारलं, "बोलावलं होतं एकाला. हे नऊ जण इस्त्रीचे शर्ट घालून कशाला आलेत?"