डाव्या हाताची कात्री

मी कोंबडी कापायला घेतली की सासूबाईंचं सुरू व्हायचं, "डावा हात नको, उजव्याने काप." उजव्या हातात कात्री हाडावरून घसरायची, आणि मग त्याच म्हणायच्या, "साधी कोंबडी कापता येत नाही हिला."

परवा माझं डोकंच फिरलं. तडक दुकानात गेले. दुकानदाराने गुलाबी मुठीची नाजूक कात्री पुढे केली. म्हटलं, "दादा, मला उद्घाटनाची फीत कापायची नाहीये, अख्ख्या कोंबडीचा कणा कापायचाय. चांगली जाड पात्याची द्या. आणि डावखुऱ्यांची!"

घरी येऊन सगळ्यांसमोर डाव्या हाताने कोंबडी कडाकड कापली. "यापुढे मी अशीच कापणार," ठणकावून सांगितलं. सासूबाई कात्रीकडे एकदा बघून आत निघून गेल्या. म्हटलं, रुसल्या तर रुसल्या.

आज बाहेरून आले, तर सासूबाई ओट्याशी उभ्या. समोर कोंबडीचे एकसारखे, सुबक तुकडे, आणि माझी नवी कात्री त्यांच्या डाव्या हातात.



"बघतेस काय?" त्या गुरकावल्या. "माझी सासू काही आता उठून येत नाही ओरडायला!"