तिरपी रेघ

क्रमांकसाहेबांनी चहाचा कप उचलला, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेला कागद वाचला आणि कप तसाच खाली ठेवला.

कागद त्यांच्या मुलीचा होता. येत्या सोमवारी ती प्रयोगशाळेतली नोकरी सोडणार होती आणि दुसऱ्या शहरात मैत्रिणीबरोबर सायकलदुरुस्तीचं दुकान काढणार होती. मुद्दे पाच. भाषा सुटसुटीत.

साहेब मानकं ठरवणाऱ्या कार्यालयात होते. शिडीच्या दोन पायऱ्यांत अंतर किती, बादलीची कडी किती जाड, हे तिथं ठरायचं. ठरवायच्या समित्या; साहेब कागदाला क्रमांक द्यायचे. मसुदा असेल तर क्रमांकापुढे तिरपी रेघ आणि कितवा मसुदा तो आकडा. अंतिम झाला की रेघ जाऊन तिथं वर्ष. रेघ आहे तोवर कोणीही हरकत घ्यावी. वर्ष आलं की ब्रह्मदेव आला तरी परत पाठवायचा.

एकदा कोणीतरी रेघ द्यायला विसरला आणि एका कारखान्यानं तिसऱ्या मसुद्यावरून दहा हजार बादल्या काढल्या. एकीलाही कडी बसेना. तेव्हापासून साहेब प्रत्येक कागदाचा कोपरा डोळ्यांत तेल घालून तपासत. आत काय लिहिलंय ते वाचणं त्यांना आगाऊपणा वाटे.

लग्नानंतर आठवड्याभरात ही पद्धत घरातही आली. पाहुण्यांच्या गाद्या असोत की गच्चीची गळती, आधी मसुदा, मग अंतिम, मग दारावर. बायकोनं दोन दिवस कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी फाइल आणली.

साहेबांनी आता खिशातलं तांबडं पेन काढलं. "मुद्दा दोन मला अजिबात मान्य नाही. पक्की नोकरी सोडून पंक्चर काढणार?"

"बाबा, आधी कोपरा बघा," मुलगी म्हणाली.

कोपऱ्यात 'घर १९' होतं आणि पुढे चालू वर्ष. रेघ नव्हती. पेन हवेतच राहिलं.

"अंतिम?" साहेबांचा आवाज खाली आला. "अगं, मग मसुदा कोणाला दाखवलास? या घरात मी आहे की नाही?"

"तुम्हालाच दाखवला. सहा महिने. रविवारी सकाळी पेपराशेजारी ठेवायचे आणि समोर बसून राहायचे. म्हटलं, आज तरी काही बोलाल. रागवाल तरी."

"काहीतरीच. माझ्यापर्यंत आला असता तर माझा शेरा नसता?"

"आहे ना," बायको म्हणाली. तिनं कप बाजूला सरकवला आणि फाइल पुढ्यात ठेवली. "घ्या. सावकाश वाचा. या वेळी आतलंसुद्धा."

मसुदे सात होते. सगळ्यांवर तांबड्या शाईतली त्यांचीच सही होती.

पहिल्यावर शेरा होता, "क्रमांक बरोबर."

चौथ्यावर, "तिरपी रेघ फिकट आहे. ठळक काढावी."

सातव्यावर, "क्रमांक निर्दोष. पुढे जाण्यास हरकत नाही."