माग काढायचा पट्टा
माझ्या बायकोच्या, बेगायिमच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांच्या जेवणासाठी कापायची घोडी हिमबिबट्यानं मारली, म्हणून सासऱ्यांनी लांडग्यांचा सापळा लावला. सकाळी बिबट्या त्यात सापडला. गळ्यात बेगायिमनं एमएस्सीच्या अभ्यासासाठी बसवलेला, माग काढायचा पट्टा होता. "बाबा, हा तिचा आहे, सोडू या." "तिचा? याच्याच मागं जाऊन कड्यावरून पडली ना? आता पाहुण्यांना काय वाढू, जावईबापू, तिची पुस्तकं?" पण सापळ्यानं बिबट्याचा पाय पार मोडला होता, सुटूनही उपाशी मेला असता. शेवटी मीच गोळी घातली. निदान पट्टा बिश्केकला तिच्या मैत्रिणीकडं पाठवावा, राहिलेला अभ्यास ती पुरा करेल, म्हणून पान्यानं पट्ट्याचे नट फिरवू लागलो. एकही हलेना. सासरे शेजारी बसले. "पोरगी पहिल्यापासून अशीच. खोगिराचा तंग इतका आवळायची, की सोडवायला मलाच बोलवायची. आण इकडं." त्यांनी पाना घेतला, पण फिरवला नाही.